झाकणावरची खाच

"उघडून बघ तरी," आर्डिस म्हणाली.

डबा तिनं भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळून आणला होता आणि रायफल हाल्वरच्या जुन्या ब्लँकेटमध्ये. दोन्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून ती उभीच होती. कोटाची बटणंही काढली नव्हती. मे महिना लागला होता, पण आमच्याकडचा वारा अजून बर्फावरूनच येत होता.

"बघतो नंतर. तू बस तर खरी. कॉफी टाकतो."

"तुझी कॉफी नको बाबा. मेंढ्या धुतलेलं पाणी."

"मग सफरचंदाचा पाय भाजून आणायचा होतास, टीचर. चव लपली असती."

ती हसली नाही, पण बसली. हाल्वरला, तिच्या नवऱ्याला, जाऊन दोन महिने झाले होते. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती.

"रायफल तुला द्यायची, असं लिहून गेलाय तो," ती म्हणाली. "पोराला तिचं काय करायचंय, तो डेन्व्हरला इन्शुरन्स विकतो. आणि हा डबा तुझाच ना? मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये होता, पार तळाशी. सगळं सामान तळघरात आणि हा एकटा मोज्यांखाली. का, कुणास ठाऊक."

डबा कुठला ते मी फडक्यातल्या आकारावरूनच ओळखलं होतं. गेल्या जुलैतला. त्यात तीस गोळ्या मी स्वतः रचल्या होत्या, आणि त्यांतली एकही हाल्वरच्या रायफलीची नव्हती.

*

मी चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या. मॉन्टॅनाच्या या पूर्वेकडच्या भागात असा एक रँच नसेल जिथे माझी कात्री चालली नाही. बापानं नवव्या वर्षी शाळेतून काढून बरोबर घेतलं. तेव्हा आकडे येत होते, अक्षरं यायची होती. ती राहूनच गेली.

पण हात चांगले झाले. लोकरीतलं मेण चाळीस वर्षं हातात मुरलं की कातडी पोरासोरांसारखी मऊ राहते, आणि बोटांना फार बारीक कळतं. म्हणून आमच्या क्लबात गोळ्यांचं काम माझ्याकडे आलं; काडतुसात दारू आणि गोळी ज्यानं त्यानं भरायची. आम्ही जुन्या चालीच्या एकबारी रायफली चालवतो. बंदुकीची काळी दारू, गुळगुळीत शिशाची गोळी, आणि गोळीभोवती कागद. कागद पातळ, कापसाचा. तिरका कापायचा, ओला करायचा आणि गोळीभोवती बरोब्बर दोन वेढे द्यायचे. कडेला कड भिडली पाहिजे, चढता कामा नये. खालची शेपटी पिळायची आणि दोन दिवस वाळू द्यायचं. मग कागदाला लोकरीचं मेण अगदी नावाला लावायचं आणि गोळी डायमधून दाबून काढायची. पोलादाच्या ठोकळ्याला भोक, तेवढीच ती डाय. पण त्या भोकातून निघाली की गोळी कागदासकट नेमक्या मापाची होते. नळीच्या तोंडाशी अंगठ्यानं दाबली तर हलकेच अडत आत गेली पाहिजे. फार अडली तर कागद फाटतो. अडलीच नाही तर जाळ बाजूनं निसटतो, कागद नळीतच जळतो आणि गोळी हेलपाटत जाते. या सगळ्यात फरक किती, तर इंचाचा हजारावा भाग, एक थाऊ. दोन म्हणजे फार झाले.

हाल्वरची रायफल त्याच्या आजोबाची. नळी झिजून इतरांपेक्षा दोन थाऊ रुंद झालेली. म्हणून त्याच्यासाठी मी वेगळी डाय करून घेतली होती.

पहिल्याच वर्षी घोटाळा झाला. डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या हव्यात असं ठरलं. मी हार्डवेअरच्या दुकानातल्या पोरीकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या आणि घरी येऊन चिकटवल्या. हाल्वरची मर्लच्या डब्यावर गेली, मर्लची हाल्वरच्या. मर्ल म्हणजे आमच्या गावचा खाटीक, त्याची जीभ त्याच्या सुरीहून धारदार. तो काही बोलायच्या आत हाल्वरनं दोन्ही डबे उचलले, अदलाबदल केली आणि माझ्याकडे बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं.

मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या चिठ्ठ्या नकोतच एमिल. तेलाच्या हातानं शाई फासते, काही वाचता येत नाही. माझ्या झाकणावर एक खाच मारत जा, डायवरही तीच. मर्लला दोन."

"मला दोन का?" मर्ल म्हणाला.

"तुझं तोंड दुप्पट चालतं म्हणून."

सगळे हसले आणि तो विषय संपला. तेव्हापासून हाल्वरच्या डब्याला एक खाच. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्या कातरकऱ्याची लहर. पुढे हाल्वरनं मला लाकडं फोडायला बोलवायला सुरुवात केली. आर्डिस शाळेत शिकवायची. लाकडं फोडून झाली की ती कॉफी द्यायची, आणि टेबलावर कपाशेजारी पहिलीचं पुस्तक सहज पडलेलं असायचं. मला एक्कावन्नावं चालू होतं. दोन हिवाळे लागले. त्याच टेबलावर मी पहिल्यांदा माझं नाव लिहिलं. हाल्वर त्या वेळी नेमका गोठ्यात असायचा. मला वाचता येत नव्हतं हे त्याला ठाऊक होतं, असं तो मरेपर्यंत एकदाही बोलला नाही.

*

गेल्या जूनमध्ये मी आर्डिसनं आणून दिलेलं वाचनालयाचं पुस्तक परत द्यायला तिच्याकडे गेलो. हाल्वर घरी नव्हता. तिनं मला बसू दिलं नाही, सरळ वॉशिंग मशीनपाशी नेलं आणि खिडकीतली वाटी दाखवली. वाटीत चार काडतुसं.

"पँटच्या खिशात होती. भरलेली. गरम पाण्यात धुऊन निघाली."

"ओली दारू पेटत नाही, टीचर."

"ते तू मला नको शिकवू. मंगळवारी दारूचा डबा स्टोव्हला टेकवून ठेवला होता. मी सूप ढवळतेय आणि पायाशी हा डबा. त्याच्या आधीच्या आठवड्यात नेमबाजीच्या रेंजवर गेला तो आलाच नाही. शेरिफच्या माणसाला सापडला, चाळीस मैल पलीकडे. पिकअप चालू, हा आत बसलेला. म्हणतो, वळण बदललं वाटतं या लोकांनी."

हाल्वरचा हात कापतो, हे मलाही दिसत होतं.

"तू सांग ना त्याला," मी म्हणालो.

"सांगितलं. म्हणाला, आर्डिस, एवढं सोडून काय हवं ते माग." ती टेबल पुसायला लागली. टेबल स्वच्छच होतं. "त्याचं त्यानंच म्हटलं पाहिजे, की आता बास. एकदा सगळ्यांसमोर सगळे बार फुकट गेले ना, की म्हणेल. मी ओळखते. आमच्या लग्नात नाचताना पडला, तर पुन्हा जन्मात नाचला नाही."

"मग मी काय करू शकतो त्यात?"

"मला काय विचारतोस?" तिनं फडकं पिळलं. "गोळ्या तू करतोस."

मी टोपी घातली आणि निघालो. दारात ती म्हणाली, "एमिल, मी तुझ्याकडे आजवर कधी काही मागितलं नाही."

खरं होतं. मागितलं असतं तर बरं झालं असतं. थोडं थोडं फिटलं असतं.

*

त्या गोळ्यांना कागद मी नेहमीसारखाच गुंडाळला. उलट जरा जास्तच मन लावून. दोन दिवस खिडकीत वाळवल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी दाबयंत्राशी बसलो. समोर दोन डाय होत्या, एक खाचेची, एक बिनखाचेची.

मी मनाशी म्हणालो, पहिली एक करून बघू. बिनखाचेची डाय बसवली, गोळी ठेवली, दांडा खाली ओढला. कागद जास्त आवळला गेल्याचं हाताला लगेच कळलं. वीस वर्षं जो जोर हाताला पाठ होता त्यापेक्षा हा वेगळा. गोळी खाली पडली. दिसायला सुरेख होती. हाल्वरच्या नळीत ती नुसती खडखडली असती.

त्याला काडतुसं भरताना कळेल, असंही वाटलं. मग वाटलं, नाही कळणार, त्याच्या बोटांत आता काय राहिलंय. एवढा मी त्याला जमाखर्चातून काढून टाकला होता. उरलेल्या एकोणतीस गोळ्या तासाभरात झाल्या.

डबा भरला. मग झाकणावर खाच मारायला चाकू काढला आणि ते काही होईना. चाकू दोनदा टेकवला. गोळ्या करताना जो हात थांबला नाही तो इथे थांबला. खोट्या गोळ्या देणं जमलं, पण खाच मारणं म्हणजे या तुझ्याच आहेत असं त्याच्या तोंडावर सांगणं. शेवटी कोरं झाकण लावूनच डबा त्याच्या घरी पोचवला.

हाल्वर पायरीवर बसून वाटाणे सोलत होता. डबा हातात घेऊन त्यानं कानाशी हलवला. "आल्या का माझ्या पोरी," म्हणाला. झाकणावरून त्याचा अंगठा फिरला आणि थांबला. मला तरी थांबल्यासारखा वाटला.

"घाईत आहेस का रे?" त्यानं विचारलं.

"जरा आहे."

"मग जा बाबा. शनिवारी भेटू."

*

मॅचला साठेक माणसं होती. रेंजच्या टोकाला, आठशे यार्डांवर पत्र्याचा कापलेला गवा उभा असतो. त्याला गोळी लागली की ठण्ण आवाज येतो, पण जरा वेळानं. बार काढल्यावर धूर, मग शांतता, मग ठण्ण. आम्ही म्हातारी माणसं त्या मधल्या शांततेसाठीच येतो म्हणा ना.

हाल्वर बार काढायचा तेव्हा शेजारी दुर्बिणीला डोळा लावून मीच बसायचो. गोळी कुठे पडली ते सांगायचं, तो त्याप्रमाणे नेम हलवायचा. वीस वर्षं हेच. दुसऱ्या कुणाला बसव म्हणायला तोंड नव्हतं.

पहिला बार. धूर. शांतता. आणि पुढे शांतताच. गव्याच्या डावीकडे पार लांब धूळ उडाली.

"डावीकडे," मी म्हणालो. "तीन हात."

"बरं," म्हणून हाल्वरनं नेम हलवला.

दुसरी उजवीकडे गेली. तिसरी अलीकडेच जमिनीत.

"खाली गेली. फार खाली."

"बरं."

पंधरा बार. प्रत्येक वेळी मी सांगत होतो आणि प्रत्येक वेळी तो "बरं" म्हणून नेमाचं मळसूत्र फिरवत होता. मी सांगतोय त्याला काही अर्थ नव्हता, ती गोळी कुणाचं ऐकणारी नव्हती. हे मला माहीत होतं. दहाव्या बारानंतर मागची माणसं बोलायची थांबली. एरवी कुणाचा नेम चुकला की कुणीतरी विनोद करतं आणि निभतं.

पंधरावी गेल्यावर मर्ल न राहवून म्हणाला, "काय एमिल, गोळ्या करताना झोप लागली होती काय?"

हाल्वर गुडघ्यांवर हात टेकून उठत होता. तसाच अर्धा वाकलेला थांबला.

"मर्ल," तो म्हणाला, "एमिलच्या गोळीला नावं ठेवायची नाहीत. डोळे माझे गेलेत. तुझ्या दुकानात परवा मी डुकराला वासरू म्हटलं, विसरलास?"

"ते तर गिऱ्हाइकं रोजच म्हणतात, मी तसंच विकतो," मर्ल म्हणाला, आणि एकदाचे सगळे हसले.

एक गोष्ट तेव्हा मला खटकली होती. बार काढून झाले की हाल्वर नेहमी पुढे जाऊन गवतातले कागदाचे कपटे वेचायचा. गोळीवरचा कागद नळीबाहेर पडताच फाटून उडतो. कपटे स्वच्छ असले तर माप बरोबर, जळके असले तर चूक. आम्ही सगळेच बघतो ते. त्या दिवशी माझ्या बुटापाशी एक काळा जळका कपटा पडलेला मला दिसत होता. हाल्वर त्याच्यावरून चालत गेला. वाकला नाही. मला वाटलं, कंबर धरली असेल. बरंच झालं, असंही वाटलं.

पिकअपमध्ये बसताना तो म्हणाला, "आता बास, एमिल." आर्डिस म्हणाली होती अगदी त्याच शब्दांत.

*

रायफल तेल लावून ब्लँकेटमध्ये गेली. पिकअपच्या किल्ल्या त्यानं आपण होऊन आर्डिसला दिल्या. सगळं ठरल्यासारखं झालं. फक्त पुढचं कुणी ठरवलं नव्हतं. हाल्वर खिडकीशी बसायला लागला. मी शनिवारी जायचो. बोलायचा चांगला, हवेबद्दल, गुरांच्या भावाबद्दल. मर्लनं बनवलेल्या सॉसेजला शिव्या घालायचा. गोळ्यांचा विषय मी काढत नव्हतो आणि तोही नाही. नोव्हेंबरात जेवण कमी झालं. मार्चमध्ये, बर्फ वितळायच्या आधीच, गेला. डॉक्टर म्हणाले, वय. एकोणऐंशी म्हणजे वय होतंच.

मी खांदा दिला. पेटी हलकी लागली.

*

आर्डिसनं माझी कॉफी अर्धी प्यायली. कप खाली ठेवून ती म्हणाली, "मला तो घरी हवा होता. घरीच बसला मग. खिडकीशी. मी भांडी घासताना त्याच्याकडे बघायची आणि वाटायचं, याला कुठेतरी पाठवावं."

"टीचर..."

"तू तेव्हा नक्की काय केलंस, ते मला सांगू नकोस." तिनं हात वर केला. शाळेत पोरांना गप्प करायला करत असेल तसा. "कळलं तर मला त्याच्या फोटोसमोर जेवता यायचं नाही. मी सांगितलं, तू ऐकलंस. तेवढं पुरे आहे मला."

मी मान हलवली. ती उठली. कोटाची बटणं तपासली, लावलेलीच होती. दाराकडे जाताना फडक्यातल्या डब्याकडे बघून थांबली.

"या डब्यापायी बोट कापून घेतलं होतं त्यानं. मॅचच्या आदल्या दिवशी. पायरीवर बसून चाकूनं झाकण कोरत बसला होता. हात हा असा कापतोय आणि हातात चाकू. मी ओरडले, काय चाललंय? तर म्हणतो, एमिल खाच मारायला विसरला. उद्या कुणाचं लक्ष गेलं तर त्याच्यावर येईल." तिनं खांदे उडवले. "खाच मारली काय नि नाही काय. तुम्हा लोकांचं एकेक."

ती गेली. तिच्या गाडीचा आवाज हायवेला लागेपर्यंत मी उभा होतो.

मग फडकं सोडलं. झाकणावर खाच होती. वाकडी, एका बाजूला घसरलेली. लाकडात रक्ताचा तपकिरी डाग मुरला होता. आत पंधरा गोळ्या. चौदा जशा मी दिल्या तशा पांढऱ्या. पंधरावीच्या कागदावर एका बाजूनं उभा, पिवळट पट्टा, नळीतल्या तेलाचा.

त्याच्या बोटांत काही राहिलं नाही, असं मी धरून चाललो होतो.

ब्लँकेट उलगडलं. रायफलीचा खालचा खटका ओढून मागची बाजू उघडली, आत काही नाही ते बघितलं आणि बूड मांडीवर घेऊन नळीचं तोंड वर केलं. तेलाच्या पट्ट्याची ती गोळी नळीच्या तोंडावर ठेवली. अंगठ्यानं दाबायची असते, पण दाबावीच लागली नाही. सोडली तशी आत गेली. नळीतून घसरत येताना बारीकसा आवाज झाला, कागदावर बोट फिरवल्यासारखा.

खाली मी तळहात धरला होता. गोळी त्यात येऊन पडली. कागदावर ओरखडासुद्धा नव्हता.